छत्तीस महिने, शून्य दिवस

१ जानेवारी २०२५, बुधवार, सकाळी ५.३०
नवीन वर्षाचे संकल्प सिव्हिलियन लोक करतात आणि पंधरा दिवसांत मोडतात. मी मोहीम आखतो.

यंदाची मोहीम: माझे छत्तीस महिने. वीस वर्षं अमेरिकेच्या सैन्यात घातली म्हणून सरकारने मला छत्तीस महिन्यांचं शिक्षण दिलंय. फी त्यांची, पुस्तकं त्यांची, वर राहण्याचा खर्चही त्यांचाच. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पंधरावं चालू आहे, आणि मी त्यातला एक दिवसही खर्च केलेला नाही. दाखला स्वयंपाकघरात स्टोव्हच्या वर लावलाय, स्वतः लॅमिनेट करून. त्यावर स्वच्छ छापलंय: शिल्लक छत्तीस महिने, शून्य दिवस. अख्ख्या लॉटन शहरात असा दुसरा माणूस दाखवा.

नवी फाईल आणली. पाच भाग केले, लष्करी आदेशात असतात तसे. माझी बायको ट्वायला म्हणाली, लॉईड, ही चौथी फाईल आहे. मी म्हटलं, आधीच्या तीन म्हणजे सराव होता.

२ जानेवारी
भाग एक, 'परिस्थिती', लिहून झाला. परिस्थिती उत्तम. उरलेलं उद्या.

१९ जानेवारी, रविवार
माजी सैनिकांच्या हॉलमध्ये पॅनकेकचा नाश्ता. तिथे ड्यूई स्ट्राउड भेटला. हा माझ्या हाताखाली कोरियात होता. मला बघितलं की सगळ्यांसमोर विचारतो, सार्जंट, एखादं ब्लँकेट मिळेल का? अठ्ठावीस वर्षं हाच विनोद.

खरं काय ते इथे नोंदवून ठेवतो. ९६ सालच्या हिवाळ्यात माझ्या स्टोअरमध्ये दोनशे दहा जादा ब्लँकेटं होती. पोरं मागायला यायची, मी सांगायचो, शिल्लक नाही. फेब्रुवारीत तपासणी झाली. दोनशे दहापैकी दोनशे दहा, घडी न मोडलेली. मला प्रशस्तिपत्र मिळालं. त्यातली निम्मी नंतर कसरीने खाल्ली, पण ती माझी बदली झाल्यावर.

सप्लायचा पहिला नियम, शेवटचा नग द्यायचा नाही. दुसरा, पहिलाही देऊ नये, कारण शेवटाची सुरुवात तिथूनच होते.

तर हा ड्यूई एकोणपन्नासाव्या वर्षी नर्सिंग शिकतोय. आपले महिने पाण्यासारखे उधळतोय. सतरा संपले म्हणे. कसला प्लॅन नाही, फाईल नाही. वर्गात सगळी विशीतली पोरं आणि त्यांत हा टकलू. मला त्याची दया आली. पॅनकेक दोनच घेतले, ब्लडप्रेशरसाठी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
आमच्या मुलीला, टेसाला, मोठ्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. जनावरांची डॉक्टर व्हायचंय तिला. तीन वर्षांची असल्यापासून हेच म्हणतेय. तेव्हा तिने शेजाऱ्यांच्या बोकडाच्या पायाला माझं लष्करी बँडेज बांधलं होतं, जे मी नंतर सोडवून, धुवून परत जागेवर ठेवलं. पोरगी पत्र घेऊन अंगणात नुसती उड्या मारत होती. मलाही भरून आलं. ट्वायलाला तिच्या केशकर्तनाच्या दुकानात फोन करून सांगितलं तर ती समोरच्या गिऱ्हाइकाचे केस अर्धे सोडून रडली.

जेवताना मी घोषणा केली. माझे छत्तीस महिने टेसाचे. एका फटक्यात सगळे. चार वर्षांचं कॉलेज, दर वर्षाला नऊ महिने, बरोब्बर छत्तीस. इतका नेमका हिशोब जमायला पंधरा वर्षं थांबावं लागतं. ट्वायला पहिल्यांदाच म्हणाली, बरं झालं बाई तू वाट बघितलीस.

ही तारीख ठळक करून ठेवतो.

१ मार्च, शनिवार
टेसा शिष्यवृत्त्यांचे फॉर्म भरत बसली होती. एकूण अकरा. मी सांगितलं, ठेव ते खाली. ज्यांना गरज आहे त्यांच्या तोंडचा घास कशाला काढायचा? आपलं कोठार भरलेलं आहे. ती म्हणाली, डॅड, नुसते भरून ठेवते ना, काय बिघडतं. मी म्हटलं, बिघडतं. निबंध लिहून भीक मागायची नाही, तू एका सप्लाय सार्जंटची मुलगी आहेस.

तिने लॅपटॉप मिटला. ऐकते माझं. शिस्तीत वाढवलीय.

दुपारी बाराला वादळाच्या भोंग्याची चाचणी झाली. दर शनिवारी होते, तरी शेजाऱ्यांचा कुत्रा दर शनिवारी घाबरतो. तयारी नसलेल्यांचं असंच होतं.

१६ मार्च, रविवार
टेसाला निवृत्तीच्या दिवसाची गोष्ट सांगितली. सप्टेंबर २०१०. इथेच, फोर्ट सिलच्या लष्करी तळावरच्या ऑफिसात, काउंटरवर च्युइंगगम चघळणारी एक पोरसवदा क्लार्क. म्हणाली, सार्जंट, शिक्षणाचे महिने मुलांच्या नावे करायचेत का? प्रत्येकाच्या नावे निदान एक तरी टाकून ठेवा, नंतर कमी-जास्त करता येतं. मी म्हटलं, बाळ, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी स्टोअर सांभाळतोय. माल एकदा काउंटरच्या पलीकडे गेला की परत येत नाही. टेसाच्या नावापुढे शून्य लिहिलं आणि खाली सही ठोकली.

टेसा हसली. म्हणाली, म्हणजे एकसुद्धा नाही दिलास? मी म्हटलं, म्हणूनच आज छत्तीस आहेत.

३ एप्रिल, गुरुवार
टेसा अठराची झाली. भेंडीचे तळलेले काप आणि स्टेक. ट्वायला म्हणाली, आता ते कागद करून टाक. कॉलेजच्या ऑफिसात जायला दहा मिनिटं लागतात. मी समजावलं की घाईने केलेलं काम दोनदा करावं लागतं. शिवाय मुदत वगैरे आता काही राहिलेली नाही. कायदा बदलला, हे फायदे आता कायमचे झाले. हॉलमध्ये सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द आहे, कायमचे. ती म्हणाली, तू कुठं वाचलंस? मी म्हटलं, कायमचे म्हणजे कायमचे, त्यात वाचायचं काय?

१ मे
टेसाने विद्यापीठाला होकार कळवला. दुसरीकडून आलेली दोन पत्रं, त्यातलं एक निम्मी फी माफ करणारं, नकार लिहून परत पाठवली. सूचना माझीच होती. फाईलचा भाग दोन, 'उद्दिष्ट', पूर्ण.

२३ मे, शुक्रवार
टेसाची शाळा संपली. निळा झगा, डोक्यावर चौकोनी टोपी, आणि वारा असा की अर्ध्या टोप्या टेक्सासच्या दिशेने गेल्या. तिने आपली एका हाताने धरून ठेवली होती. माझ्यावर गेलीय.

१० जून, मंगळवार
गेलो एकदाचा. कॉलेजातल्या माजी सैनिकांच्या ऑफिसात मिसेस पूलॉ म्हणून बाई आहेत. स्वतः नौदलात होत्या. नौदल म्हटल्यावर मी जरा सांभाळूनच घेतलं. फाईल टेबलावर ठेवली आणि सांगितलं, छत्तीस नग, सगळे मुलीच्या नावे करायचेत, सही कुठे?

त्यांनी विचारलं, सार्जंट टॅकेट, तुम्ही सेवेत असताना तिच्या नावावर काही महिने टाकले होते का? मी अभिमानाने सांगितलं, एकही नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, एक तरी? मी म्हटलं, शून्य. त्या म्हणाल्या, नावावर करणं फक्त अंगावर वर्दी असेपर्यंतच होतं. एक महिना जरी टाकला असता ना, तर उरलेले पस्तीस आज इथं बसल्या बसल्या तिच्या नावे करता आले असते. एकानंसुद्धा दार उघडं राहिलं असतं. आता नाही होत.

मी म्हटलं, ठीक आहे, मार्ग निघेल, फायदे तर कायमचेच आहेत. त्यांनी निवृत्तीची तारीख विचारली. ३० सप्टेंबर २०१०. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. कायमचे आहेत, पण एक जानेवारी २०१३ नंतर बाहेर पडलेल्यांना. त्याआधीच्यांना पंधरा वर्षं. माझी या तीस सप्टेंबरला भरतात.

बाईंनी पाणी दिलं. प्यायलो. म्हणाल्या, तुम्ही स्वतः ऑगस्टच्या सत्रात नाव घाला. निदान एक सत्र तरी पदरात पडेल, वेल्डिंग घ्या, काहीही घ्या. आपलं कार्ड दिलं, मागे तारीख लिहून. पार्किंगमध्ये गाडी सापडायला वेळ लागला.

११ जून
बाई नौदलातल्या. त्यांना लष्कराचे नियम काय कळणार?

१२ जून
सरकारी नंबरावर फोन. एक तास चाळीस मिनिटं संगीत. मग एका मुलाने तंतोतंत तेच सांगितलं. त्याला नाव विचारून लिहून घेतलं. उपयोग काय माहीत नाही, पण लिहून घेतलं.

१३ जून
अपील करणार. हाच मार्ग. युक्तिवाद: ज्याने पंधरा वर्षं सरकारचा एक दिवसही वाया घालवला नाही, त्याच्यावर हा अन्याय. फाईलचा भाग तीन, 'कारवाई', अखेर सुरू झाला. घरी सांगितलेलं नाही. पोरीला उगाच काळजी कशाला?

२७ जून, शुक्रवार
मिसेस पूलॉंचा फोन. वेल्डिंगमध्ये जागा आहे, येताय का? मी सांगितलं, बाईसाहेब, विचार करा. अपिलाची सगळी ताकद कशात आहे? स्टॉक अखंड आहे यात. मी एक सत्र वापरलं की चार महिने फुटले. मग मी कुठल्या तोंडाने म्हणू, एकही नग काढलेला नाही? त्या एवढंच म्हणाल्या, बरं, सार्जंट. मुद्दा पटला असावा.

४ जुलै
परेड. टेसाने विचारलं, डॅड, कागद झाले ना? विद्यापीठाला पंधरा तारखेपर्यंत हवेत. मी म्हटलं, प्रक्रियेत आहेत. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, तू नसतास तर मी काय केलं असतं. घोड्यांचं पथक गेलं तेव्हा मी चष्मा पुसत होतो. धूळ फार होती.

१४ जुलै, सोमवार
व्हायचं ते झालं.

जेवताना टेसाने परत कागदांचं काढलं. मी अपिलाबद्दल बोलायला सुरुवात करतोय तोच ट्वायलाने काटा खाली ठेवला. म्हणाली, टेसा, कागद येणार नाहीत. तिने फाईल उघडून बघितली होती. भाग चार आणि पाच कोरे, मध्ये पूलॉ बाईंचं कार्ड. तिने बाईंना दुकानातूनच फोन केला होता. सगळं माहीत होतं तिला आठवडाभर, मी स्वतः सांगतो का याची वाट बघत होती.

टेसा आरडाओरडा करील असं वाटलं होतं. नाही केला. विचारलं, एक महिना असता तरी चाललं असतं? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मी तीन वर्षांची होते, डॅड. मी तुझं काय केलं होतं?

ती आपली थाळी धुवून खोलीत गेली. ट्वायला म्हणाली, बैल गेला आणि आता तू झोपा करणार, पाच भागांचा.

१६ जुलै
तोडगे बघितले. शिष्यवृत्त्यांच्या मुदती मार्चमध्येच संपल्या. निम्मी फी माफ करणाऱ्यांनी ती जागा दुसऱ्याला दिली, फार गोड बोलून सांगितलं. कर्ज टेसाला नको. ट्वायलाच्या केशकर्तनाच्या शाळेच्या कर्जाची रडगाणी ती जन्मल्यापासून या टेबलावर ऐकतेय.

अपील आज टपालात टाकलं. एकोणीस पानं, तीन प्रती. मुख्य आशा त्यावर आहे आणि ती मजबूत आहे.

२२ जुलै, मंगळवार
टेसा सैन्यात भरती झाली.

बाजारातल्या भरती ऑफिसात एकटीच गेली. अठरा पूर्ण आहेत, माझी सही लागत नाही. प्राण्यांच्या दवाखान्यातलं काम मागितलं होतं, तिथे जागा नव्हती. ट्रक चालवायचं काम दिलंय. सहा ऑक्टोबरला जायचं. चार वर्षांनी तिचे स्वतःचे छत्तीस महिने मिळतील, मग बघीन जनावरांचं, म्हणाली. ट्वायला माझ्याशी बोलत नाहीये.

मी शांतपणे विचार केला. एका दृष्टीने घरातला स्टॉक कायम राहिला. माझे छत्तीस अपिलात, तिचे छत्तीस येणार. बहात्तर. हे ट्वायलाला सांगणार होतो, पण तिच्या हातात तेव्हा कात्री होती.

६ ऑगस्ट
दवाखान्यात गेलो, डोकं जड. ब्लडप्रेशर घ्यायला कोण यावा, तर ड्यूई. प्रशिक्षणासाठी तिथे लावलाय. निळे कपडे, गळ्यात ओळखपत्र, टक्कल चकचकीत. पट्टा फार अलगद बांधला, हे मान्य करावं लागेल. एकशे अठ्ठ्याऐंशी. म्हणाला, सार्जंट, हे साठवून ठेवायचं नसतं. ब्लँकेटाचं काही बोलला नाही. टेसाचं त्याला कळलं असावं. त्याने विनोद केला असता तर बरं वाटलं असतं.

१८ ऑगस्ट, सोमवार
कॉलेजचं सत्र सुरू झालं. वेल्डिंगची जागा पूलॉ बाईंनी शुक्रवार संध्याकाळपर्यंत राखून ठेवली होती. मी शुक्रवारी गेलो होतो. गाडीत बसून होतो पार्किंगमध्ये, पाच वाजेपर्यंत. आत जाऊन सही केली तर अपील गेलं, हा विचार. पाचला त्या बाहेर आल्या, मला बघितलं, हात केला. मीही हात केला.

११ सप्टेंबर
अपिलाचं उत्तर आलं. एक परिच्छेद. मी एकोणीस पानं लिहिली होती. शेवटी लिहिलंय, आपल्या सेवेबद्दल आभार.

यावर पुनर्विचाराचा अर्ज करता येतो. उद्या बघतो.

३० सप्टेंबर, मंगळवार
आज शेवटचा दिवस. दिवसभर घरीच बसलो. काही करायचं नव्हतं, तरी कोणीतरी हजर असावं म्हणून. दुपारी फोर्ट सिलवर तोफांचा सराव झाला, नेहमीसारख्या कपबशा थरथरल्या. दाखला उतरवून पुसला. छत्तीस महिने, शून्य दिवस. वीस वर्षांच्या नोकरीत आणि नंतरच्या पंधरा वर्षांत माझ्या हातून एकही नग गहाळ झाला नाही. तपासणीला कोणी आलं नाही.

१ ऑक्टोबर
टेसाच्या आवडीचं जेवण केलं होतं ट्वायलाने. राजमा आणि मक्याचा पाव. ओव्हनमधून कढई काढली आणि टेबलावर ठेवायला काही सापडेना म्हणून खाली माझा दाखला सरकवला. पूर्वी त्याच्याजवळ फडकं जरी नेलं तरी मी ओरडायचो. आज कोणी काही बोललं नाही. टेसाने माझ्या थाळीत पावाचा कडेचा कुरकुरीत तुकडा घातला, तो तिलाच आवडतो. लॅमिनेटला काही झालं नाही. काम चांगलं केलं होतं मी.

६ ऑक्टोबर, सोमवार
टेसा गेली. प्रशिक्षण कुठे, तर इथेच, फोर्ट सिलला. घरापासून सहा मैल, पण दहा आठवडे भेटता येत नाही. मी तिला एकच गोष्ट सांगितली: सुटताना जो कागद पुढे करतील, त्यावर सगळ्यांच्या नावे एक एक लिही. ती म्हणाली, हो डॅड. मिठी मारली. तिच्या मिठीत मी तिची माफी मागायचं ठरवलं होतं. वाक्य तयार होतं, फाईलच्या भाग चारमध्ये लिहिलेलं. बस वेळेवर सुटली.

११ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी ६
माजी सैनिक दिन. गावातली हॉटेलं आज आम्हाला फुकट जेवण देतात. दरवर्षी मी तक्ता करतो, नाश्ता कुठे, पॅनकेक कुठे, स्टेक कुठे, एका दिवसात पाच जेवणं. या फायद्याचा पुरेपूर उपयोग करणारा लॉटनमध्ये मी एकटाच. यंदाचा तक्ता केला नाही. उठलोय, पण बूट घातलेले नाहीत.

टेसाचं पत्र काल आलं. ट्वायलाने वाचलं आणि न बोलता माझ्यापुढे ठेवलं. बरी आहे. पायाला फोड आलेत. नेमबाजीत दुसरी आली. खाली लिहिलंय: थंडी अचानक पडलीय आणि आमच्या बराकीचा हीटर बंद आहे. मी सप्लायच्या सार्जंटकडे जाऊन एक जादा ब्लँकेट मागितलं. तो म्हणाला, शिल्लक नाही. डॅड, खरंच नसेल का रे?

असतं. मागच्या भिंतीला, वरच्या फळीवर, खोक्यांच्या आड. घड्या करून, मोजून ठेवलेलं असतं. तो देणार नाही.

बाहेर दोन डिग्री आहे. तोफा सुरू झाल्यात. शेवटी बूट चढवले, कपाटातून आमचं जाड ब्लँकेट काढलं, गाडीत ठेवलं आणि फोर्ट सिलच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. पहाऱ्यावरचा मुलगा नम्र होता. म्हणाला, सर, बाहेरून काही आत देता येत नाही, नियम आहे. मी म्हटलं, बरोबर आहे. ब्लँकेट परत आणून, घडी करून जागेवर ठेवलं.